कुलाबा किल्ला : चालत कधी जावं?

प्रश्न : फोनवर ओहोटी दुपारी १२ला दाखवत होती, म्हणून रविवारी ठाण्याहून अलिबागला गेलो. १२ला किनाऱ्यावर हजर होतो, तरी किल्ल्याच्या वाटेवर कमरेएवढं पाणी. वेळ चुकीची होती का?
(एक वाचक, नौपाडा)

उत्तर : वेळ बरोबर होती, दिवस चुकला. त्या दिवशी अष्टमी-नवमी असणार. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला भरती ६ला, म्हणून ओहोटी १२ला. पण अष्टमी म्हणजे भांग. तेव्हा चंद्र आणि सूर्य पाण्याला वेगवेगळ्या दिशांना ओढतात, त्यामुळे पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. मुंबईच्या किनाऱ्यावर भांगाच्या ओहोटीला ते दीड-दोन मीटरवरच थांबतं. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, ते अर्ध्या मीटरपर्यंत खाली जातं, पण ती ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास येते. भरदुपारी पोचणाऱ्याला कोरडी वाट मिळणं म्हणूनच अवघड.

मध्यम मार्ग तृतीया-चतुर्थीचा, पक्ष कुठलाही चालेल. ओहोटी साडेआठ-नऊला येते आणि उधाणाचा जोर अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस टिकत असल्यानं पाणीही चांगलं ओसरतं. द्वादशीला ओहोटी तीनला, म्हणजे वेळ सोयीची. पण भांग नुकता सरलेला असतो, त्यामुळे पाणी तेवढं हटत नाही. हिशेबात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून आदल्या रात्री भरती-ओहोटीचं कोष्टक पाहाच, आणि वेळेबरोबर उंचीही वाचा.

ठाण्याहून पहाटे साडेचारला निघा. पनवेल-पेणमार्गे सुमारे १०० किलोमीटर पडतात, आणि वडखळची कोंडी सुरू व्हायच्या आत पुढे सरकता येतं. ओहोटीच्या दीड तास आधी चालायला लागा आणि ओहोटीनंतर तासाभरात परतीला लागा. चढणारं पाणी पहिल्या तासात जेमतेम एक बारांशानं वाढतं. तिसऱ्या-चौथ्या तासात मात्र निम्मी भरती उरकते. किल्ला उंच खडकावर आहे. आत फिरताना मागची वाट बुडते आहे, हे कळतच नाही.

प्रश्न : तटाच्या दगडांत चुना नाही म्हणतात. मग लाटांत टिकला कसा?
(एक वाचक, ऐरोली)

उत्तर : चुना नाही म्हणूनच. मोठे चिरे नुसते एकमेकांवर रचले आहेत. लाट फटींत शिरते, तिचा मार विखुरतो आणि पाणी त्याच वाटेनं परत जातं. फटी बुजवल्या असत्या तर पूर्ण धडक दगडावर बसली असती, वर आत अडकलेल्या पाण्यानं चिरे बाहेर ढकलले असते. हे पाहायचं तर समुद्राकडच्या अंगानं तट बाहेरून पाहा. बहुतेक लोक देवळापर्यंत जाऊन माघारी फिरतात. बांधकाम शिवाजी महाराजांनी १६८०मध्ये सुरू केलं, संभाजी महाराजांच्या काळात ते पुरं झालं. आतलं सिद्धिविनायकाचं मंदिर मात्र राघोजी आंग्र्यांनी १७५९मध्ये बांधलेलं आहे. चाकांच्या गाड्यांवरच्या दोन तोफांना आंग्र्यांच्या तोफा म्हणू नका : त्यांच्यावर इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या कारखान्याचा ठसा आहे. उत्तरेला लागूनच छोटा सर्जेकोट आहे, तोही याच फेरीत होतो.

प्रश्न : आई सत्तरीची, मुलगा सहा वर्षांचा. जमेल का?
(एक वाचक, नेरूळ)

उत्तर : जमेल, घोडागाडीनं. भाडं जाऊन-येऊन एकदम ठरवा आणि परत न्यायला कधी यायचं तेही सांगून ठेवा. चालणार असाल तर मागे पट्टा असलेल्या सँडल घाला. अनवाणी गेलात तर खडकावरची कालवं पाय कापतात, शेवाळावर चप्पल सटकते. पिण्याचं पाणी घरून न्या. संकष्टीला वेळ चांगली जुळते, पण देवळात गर्दी असते. जून ते सप्टेंबर बेत करूच नका.