वरुडहून कॅनडातल्या सस्कॅचवन प्रांतात निघालेल्या पिकअपवाल्या भावाला

भाऊ, तू तीन गोष्टी विचारल्यास. इकडे आल्यावर जुना पिकअप घेतला तर त्याची निगा स्वतः राखता येईल का, थोडं पडकं घर स्वस्तात घेऊन हिवाळ्यात दुरुस्त करावं का, आणि हत्यारांची पेटी सोबत आणू का. वरुडहून नागपूरच्या कळमना बाजारात संत्री नेणारी बोलेरो तू स्वतः खोलतोस-जोडतोस, त्यामुळे हात तुझे तयारच आहेत. इकडे मजुरी इतकी महाग की शाळेचे मास्तरही घरचा नळ आपणच बदलतात. गणित चुकतं ते वेळेचं. उणे 30 अंशांत बाहेर बोनेट उघडून कामच होत नाही. उघड्या बोटांनी लोखंड धरलं तर कातडी चिकटते, आणि जाड हातमोज्यात दहा नंबरचा नट धरवत नाही. दसऱ्याला तू गाडी धुऊन हार घालतोस, पाने-पकडींची पूजा करतोस ना? इकडची सगळी तयारी त्याच सुमारास, म्हणजे ऑक्टोबरात उरकायची.

गाडीचं आधी सांगतो. मे महिन्यात रेडिएटरमध्ये बाटलीभर साधं पाणी ओतायची आपली सवय सोडून ये. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं आणि इंजिनचा ब्लॉक फोडतं. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर उणे 37 च्या आसपास टिकतं. जुनी गाडी घेतोस म्हणजे आधीच्या मालकाने काय ओतलं असेल याचा भरवसा नाही, म्हणून कूलंट तपासायची स्वस्त नळी मिळते ती पहिल्याच आठवड्यात घे. ऑइल सिंथेटिकच टाक, 0डब्ल्यू किंवा 5डब्ल्यूने सुरू होणारं, गाडीच्या पुस्तकात लिहिलं असेल ते. तुझ्या बोलेरोतलं 15डब्ल्यू-40 इकडच्या जानेवारीत काकवीसारखं होतं. त्यात बॅटरीची ताकद उणे 18 ला जवळपास निम्म्यावर येते आणि नेमकं तेव्हाच इंजिनला फिरायला जास्त जोर लागतो. बॅटरी ऑक्टोबरातच तपासून घे. डळमळीत निघाली तर बदलून टाक, कंजुषी करू नको.

आल्यावर तुला गाड्यांच्या जाळीतून विजेच्या वायरीचं टोक लोंबताना दिसेल. हसू नको. तो ब्लॉक हीटर. रात्री गाडी प्लगला लावायची म्हणजे इंजिन कोमट राहतं. रात्रभर चालू ठेवायची गरज नाही, टायमर लावून निघायच्या तीन-चार तास आधी सुरू केला तरी पुरतं. हीटर 400 ते 1000 वॅटचा असतो, उगाच बिल वाढतं. एक्स्टेन्शनची वायर मात्र थंडीत चालणारी घे. घरातली साधी वायर बाहेर काठीसारखी ताठ होते आणि वाकवली की वरचं प्लॅस्टिक तडकतं. सोबत उणे 40 पर्यंत न गोठणारं काच धुवायचं पाणी घे.

डिझेल पिकअपचा मोह तुला होणारच. पहिल्या हिवाळ्यापुरता आवर. थंडीत डिझेलमधलं मेण गोठतं आणि फिल्टर तुंबतो. इकडच्या पंपावर हिवाळ्यात वेगळं डिझेल मिळतं खरं, पण टाकीत उन्हाळ्याचं उरलं असेल तर रस्त्यात अडकशील. पेट्रोलचीच घे. टायर हिवाळ्याचे लागतात, डोंगर आणि हिमकणाच्या खुणेचे. 7 अंशांच्या खाली साधं रबर कडक होतं आणि पकड सुटते. क्युबेक प्रांतात 1 डिसेंबर ते 15 मार्च ते कायद्याने सक्तीचे आहेत. सस्कॅचवनमध्ये तशी सक्ती नसली तरी तुला तेच घालायचे आहेत. शिवाय तुझी बोलेरो संत्र्याने भरलेली असते म्हणून मागून बसून धावते. इकडे पिकअप रिकामाच हिंडतो, मागची चाकं घसरतात. मागच्या ॲक्सलवर वाळूच्या पिशव्या टाकून ठेव, अडकलास तर तीच वाळू चाकाखाली घालता येते. हवेचा दाब पारा घसरला की आपोआप उतरतो, साधारण दर पाच-सहा अंशांना एक पीएसआय. रस्त्यावर मीठ टाकतात त्याने खालचं पत्र्याचं बूड कुजतं. थंडी जरा ओसरली की खालून धुऊन घे.

आता घर. ही घरं लाकडी सांगाड्याची. सोळा-सोळा इंचांवर उभे दांडे, त्यावर जिप्समचे पत्रे. विटेत खिळा ठोकायची सवय इथे नाही चालत, आधी दांडा शोधायचा. पडकं घर घेताना रंगरंगोटी पाहू नको. फर्नेस (घर गरम ठेवणारं यंत्र), छप्पर, खिडक्या आणि नळ पाहा. बाहेरच्या नळाचा पाइप ऑक्टोबरात काढायचा, आतला कॉक बंद करून पाणी सोडून द्यायचं. मुख्य कॉक कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला, वहिनींनाही, दाखवून ठेव. बाहेरच्या भिंतीला लागून सिंक असेल तर कडाक्याच्या रात्री खालचं कपाट उघडं ठेव, गरम हवा नळांपर्यंत जाते. तरी पाइप गोठलाच तर केस वाळवायच्या यंत्राने हळूहळू गरम कर, आगीची ज्योत लावायची नाही. तेच यंत्र खिडकीवरही कामी येतं. चौकटीला दुहेरी चिकटपट्टी लावून पातळ प्लॅस्टिक ताणायचं, मग त्यावर गरम हवा मारायची. सुरकुत्या जाऊन काचेसारखं ताठ होतं आणि झुळूक थांबते.

फर्नेसचा फिल्टर दर महिन्याला काढून पाहा. नव्या फर्नेसचे दोन पांढरे पाइप भिंतीबाहेर निघतात, त्यांच्या तोंडावर बर्फ साचला तर यंत्र बंद पडतं. वादळ झालं की फावडं घेऊन आधी तिकडे जा. आणि गॅरेजचं दार उघडं ठेवूनही आत गाडी चालू ठेवायची नाही, तळघरात शेगडीही पेटवायची नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. त्याचा अलार्म झोपायच्या खोलीजवळ लाव. गॅसचं काम परवानावाल्याचंच, तिथे जुगाड करायचा नाही.

हिवाळ्यात करण्यासारखं आतलं काम भरपूर आहे: भिंतीची भोकं बुजवणं, फरशी बसवणं. लाकडी फरशीचे खोके आधी दोन दिवस त्याच खोलीत ठेव. भिंतीचा पाण्यात कालवलेला रंग गॅरेजात ठेवला तर गोठून वाया जातो.

पेटीचं म्हणशील तर पाने आण, गाडीचे नट बहुतेक मेट्रिकच. ड्रिल आणू नको. ते 230 व्होल्टचं, इकडे 120 आहे. स्क्रूड्रायव्हर इकडेच घे, कारण इथले बरेच स्क्रू चौकोनी खाचेचे असतात. घर पसंत पडलं की सही करायच्या आधी फर्नेसवरच्या लेबलाचा आणि विजेच्या पॅनेलचा फोटो मला पाठव.