पहिल्यांदा गायनॅककडे जाताना

अगं, आधी फोन करून डॉक्टर पेशंटला एकटीला भेटतात का, एवढंच विचार. तुला मुली आवडतात, हे रिसेप्शनला सांगायची गरज नाही. आईच्या ओळखीतली डॉक्टर मात्र टाळ.

खरी परीक्षा ‘लग्न झालंय का?’ या प्रश्नाला. आतून तपासायचं की नाही, हे त्यावरून ठरवतात. ‘नाही, पण पार्टनर आहे, आणि ती मुलगी आहे,’ असं सरळ सांग. पुढचे प्रश्न तब्येतीचेच आले तर डॉक्टर ठेव. ‘बरं करू’ म्हणाली तर ऊठ. मुली आवडणं ‘बरं’ करायला जाणं हे २०२२ पासून डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे.

नेहमीची चूक: पुरुषाशी संबंध नाही, म्हणजे पॅप स्मिअर (गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरसाठीची तपासणी) नको. एचपीव्ही, म्हणजे हा कॅन्सर करणारा व्हायरस, बाईकडून बाईलाही होतो (काही डॉक्टरही हे विसरतात!). तिशीनंतर तपासणी हवीच. भीती वाटली तर लहान स्पेक्युलम (आतून तपासताना वापरायचं उपकरण) मागून घे.