घरातल्या साहित्यातून स्वस्तात चिलखत कसं करायचं? पुठ्ठा घ्यावा की थर्माकोल?

मुलगा तिसरीत आहे, १९ फेब्रुवारीला शाळेची मिरवणूक आहे, चिलखत घातलेला मावळा करायचाय आणि ड्रेस भाड्याने आणायचा नाही, असं तुम्ही लिहिलंय. थर्माकोलचा विचार आत्ताच सोडा. तो वाकत नाही, पोरगं खाली बसलं की मधोमध मोडतो, आणि त्यावर स्प्रेचा चंदेरी रंग मारलात तर रंगातलं द्रावण त्याला विरघळवतं, खड्डेच खड्डे पडतात. पुठ्ठाच घ्या. पण नुसत्या पुठ्ठ्याचं चिलखत होत नाही, बहुतेकांचं गाडं तिथेच अडतं. चिलखत म्हणजे कड्या. एकेक लोखंडी कडी शेजारच्या चार कड्यांत अडकवलेली, त्यामुळे ते कापडासारखं अंगावर पडतं आणि माणूस हलला की हलतं. ही पडण दिसायची असेल तर ते विणावं लागतं. लोकरीने.

आमच्या घरात याच गोष्टीवरून पेटलेला वाद अजून मिटलेला नाही, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

आम्ही सांगलीचे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ इथेच केलं, त्यामुळे नाटकाचं वेड इथे घरोघरी. आमच्या हौशी संस्थेने एका वर्षी स्पर्धेसाठी ऐतिहासिक नाटक घेतलं. माझे दीर संस्थेचे खजिनदार. सैनिकांची सगळी चिलखतं ड्रेपरीतून, म्हणजे नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्या दुकानातून आणायची असं त्यांनी आणि दिग्दर्शकांनी परस्पर ठरवून टाकलं. मी नमुन्याचं एक पाहून आले. चंदेरी जाळीच्या कापडाचा झब्बा, बगलेत उसवलेला, घामाचा वास मारणारा, आणि त्याचं एका प्रयोगाचं भाडं ऐकून मला राहवलं नाही. बैठकीत मी म्हणाले, ही आपण घरी करू. त्यावर दीर सगळ्यांसमोर म्हणाले, “वहिनी, हे शाळेचं गॅदरिंग नाही.”

सासूबाई तेव्हा तिथेच बसल्या होत्या. त्या आयुष्यभर स्वेटर विणत आल्या, आणि हे बोलणाऱ्या त्यांच्या लेकाच्या अंगावर लहानपणापासून त्यांच्याच हातचे स्वेटर होते. बैठकीत त्या काही बोलल्या नाहीत. घरी आल्यावर माळ्यावरची ट्रंक खाली काढायला लावली आणि जुने करडे, काळे, राखाडी असे जेवढे स्वेटर सापडले तेवढे उसवायला घेतले. मी गुंडाळत गेले, त्या विणत गेल्या.

त्यांची पद्धत तशीच्या तशी सांगते. लोकर दुहेरी घ्यायची, सुया घरातल्या सगळ्यात जाड. सगळ्या ओळी सुलट विणायच्या, उलट ओळ मध्ये आणायचीच नाही. असं केलं की दोन्ही बाजूंना आडवे उंचवटे येतात आणि लांबून तेच कड्यांच्या रांगांसारखे दिसतात. टाके सैल हवेत. पुढचा आणि मागचा असे दोन सरळ चौकोन, दोन बाह्या, खांद्यावर आणि कडेला शिवण, की झालं. गळ्याला आकार देत बसू नका. मापापेक्षा चार बोटं आखूड विणा, कारण सैल वीण अंगावर लटकली की लांबते.

मग रंग. इथे घाई केलीत की सगळं वाया गेलं. कापडावर चालणारा चंदेरी रंग घ्यायचा, स्पंजचा तुकडा त्यात टेकवायचा, बहुतेक रंग वर्तमानपत्रावर पुसून काढायचा आणि उरलेला वरच्या वर हलक्या हाताने फिरवायचा. चंदेरी फक्त उंचवट्यांवर बसला पाहिजे, खाचा काळ्याच राहिल्या पाहिजेत. लोखंडाचा भास या काळ्या खाचांमुळेच होतो. अख्खं चंदेरी रंगवलेलं चिलखत लोखंडाचं वाटत नाही, चंदेरी कापडाचंच वाटतं.

रंगीत तालमीला निम्म्या सैनिकांच्या अंगावर ड्रेपरीतलं आणि निम्म्यांच्या अंगावर आमचं, असं ठरलं. दिवे लागल्यावर ड्रेपरीतली जाळी अशी चकाकायला लागली की तिच्यावरचे चेहरे दिसेनात. आमची चिलखतं उजेड पिऊन घेत होती, जड दिसत होती, आणि ती घातलेली पोरं आपोआप पाय रोवून उभी राहत होती. दिग्दर्शकांनी काही न बोलता आमचे सैनिक पुढच्या रांगेत आणले आणि ड्रेपरीतले मागे, अंधारात उभे केले. दीर आजही म्हणतात की ती प्रकाशयोजनेची कमाल होती. दिवे दोन्हींवर तेच होते, भाऊजी. मी हे तोंडावरही सांगितलंय, इथेही लिहून ठेवते. वेशभूषेचं बक्षीस आम्हाला मिळालं नाही, हा त्यांचा दुसरा मुद्दा. परीक्षकांनी काय पाहिलं ते परीक्षकांना ठाऊक. मी विंगेतून काय पाहिलं ते मला ठाऊक आहे.

आता तुमच्या पुठ्ठ्याकडे वळते. विणलेल्या झब्ब्यावर छातीपाठीला पत्रे चढवले की चारआईना होतो. छातीला एक, पाठीला एक, दोन्ही कुशींना एकेक असे चार पत्रे, कुशीच्या पत्र्यांना बगलेसाठी गोलसर खाच. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अकबराचं १५८१ सालचं पोलादी चिलखत आहे, जमलं तर मुलाला नेऊन दाखवा, पत्रे कसे बसतात ते लगेच कळेल. पुण्याला जवळ असाल तर केळकर संग्रहालयात शस्त्रांचं दालन आहे.

पुठ्ठा किराणा दुकानातल्या खोक्याचा चालतो. आतल्या नळ्या उभ्या येतील असा कापायचा, म्हणजे छातीभोवती गोलाईत वळतो. आडव्या आल्या तर चुरगळतो आणि मोडतो. किंचित ओला करून तेलाच्या डब्याभोवती सुतळीने बांधून रात्रभर ठेवा, वळण पक्कं बसतं. मग वर्तमानपत्राच्या पट्ट्या पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये बुडवून दोन थर द्या. कडा तर नक्कीच झाका, नाहीतर नळ्यांची तोंडं दिसतात आणि खोकं ओळखू येतं. कडेने सुतळी चिकटवा, ती पत्र्याच्या दुमडलेल्या काठासारखी दिसते. रिव्हिटांसाठी हरभऱ्याची डाळ: सपाट बाजूला फेविकॉल, फुगीर बाजू वर. सगळं वाळलं की आधी काळा रंग, मग स्पंजने चंदेरी, पद्धत तीच. पत्रे एकमेकांना नाडीने बांधा, खांद्यावर जुन्या पट्ट्याचे तुकडे लावा.

ढाल करायची असेल तर पालथ्या परातीवर प्लॅस्टिकची पिशवी ताणून त्यावर कागदाचे सहा-सात थर द्या, कडक उन्हात वाळवा आणि परात काढून घ्या. वर चार फुल्या, म्हणजे फुगीर गोल टिकल्या, हव्यातच, त्या केवळ शोभेच्या नसतात. आतल्या मुठीच्या कड्या त्यांनाच जोडलेल्या असतात. फुटक्या प्लॅस्टिकच्या चेंडूंचे अर्धे भाग चालतात.

आणखी एक. साध्या मावळ्याकडे बहुधा चिलखत नसायचंच. डोंगरात पळायचं, चढायचं, त्यात एवढं लोखंड कोण वागवेल? चिलखत सरदारांकडे. महाराजांनीही १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याशी ते कपड्यांच्या आत घातलं होतं. तेव्हा वेळ कमी असेल तर अंगरख्याखाली दिसेल एवढं, गळ्यापाशी आणि मनगटापाशी विणा, बाकी अंगरखा झाकतो. ते बाजारातल्या आयत्या प्लॅस्टिकच्या ढालतलवारीच्या संचापेक्षा कितीतरी खरं दिसेल. भाड्याचा ड्रेस नको म्हणालात ते उत्तम केलंत. पैसे टाकले की चांगलंच मिळतं असं घरात कुणी म्हणालं, तर त्यांना आमच्या रंगीत तालमीबद्दल सांगा.

थोडी काळजी घ्या. लोकर, कागद, पुठ्ठा, सगळं पेटणारं आहे. मिरवणुकीत शिवज्योत किंवा मशाली असतील तर मुलाला त्यांच्यापासून लांब चालवा आणि तसं शिक्षकांना आधीच सांगून ठेवा. फेब्रुवारीत दुपारी ऊन लागतं, आत सुती बनियन हवंच, नाहीतर लोकर टोचते. पत्र्यांच्या गाठी पुढच्या बाजूला आणि एका ओढीत सुटतील अशा बांधा. शाळेत लघवीला जायचं असेल तेव्हा तुम्ही तिथे नसाल. कागदाचे थर पावसाळी हवेत वाळत नाहीत, पण तुमच्या तारखेला तो प्रश्न नाही. डाळीवर रंगाचा पक्का थर हवा, नाहीतर पुढच्या वर्षी काढाल तेव्हा किडे निघतील.

पुठ्ठ्याचं काम दोन-तीन दिवसांत उरकतं, विणकाम उरकत नाही. स्वतःला येत नसेल तर आई, सासू, शेजारच्या काकू, कुणीतरी विणणारं असेलच, त्यांना आज संध्याकाळीच विचारा आणि मुलाच्या छातीचं माप सोबत घेऊन जा.