गोदामात रोबोट आणि सॉफ्टवेअर लावलं तर किती माणसं कमी होतील?

पुण्याजवळ गोदाम, ऑनलाइन विक्री, दिवसाला पाचशेच्या आसपास ऑर्डर. रोबोट घ्यावेत का, कोणते घ्यावेत आणि किती माणसं कमी होतील, असं तुम्ही विचारलंय. पहिल्या दोन प्रश्नांवर इथे आधीच बरीच उत्तरं आली आहेत. तिसरा प्रश्न वाचून मात्र मला गप्प बसवेना. मी भिवंडीजवळच्या एका मोठ्या गोदामात इन्व्हेंटरी सांभाळते. हाच प्रश्न आमच्याकडे सगळ्यात आधी विचारला गेला आणि त्याची किंमत आम्ही ऐन दिवाळीत मोजली.

तुमचा हिशेब आधी करून टाकते. पाचशे ऑर्डर, प्रत्येकीत सरासरी दोन वस्तू, म्हणजे दिवसाला हजार वेळा माल काढायचा. रॅकवर लोकेशन नंबर असतील आणि हातात स्कॅनर असेल, तर सवयीचा पिकर, म्हणजे रॅकवरून माल काढणारा माणूस, तासाला साठ-सत्तर वस्तू आरामात काढतो असं धरा. म्हणजे दोन माणसांचं एका पाळीचं काम झालं. पिकिंगचा निम्मा वेळ चालण्यात जातो असं या क्षेत्रातली पाठ्यपुस्तकंही सांगतात, आणि रोबोट वाचवतो तो चालण्याचाच वेळ. मग दोन माणसांचं निम्मं चालणं वाचवायला तुम्ही किती लाख घालणार? तुम्हाला रोबोट नको. बारकोड, लोकेशन आणि बरं गोदाम सॉफ्टवेअर घ्या. दहा-पंधरा ऑर्डर एकत्र काढायची कप्प्यांची ट्रॉली करा, जास्त खपणारा माल पॅकिंग टेबलाजवळ आणा. एवढ्यावर बरीच वर्षं निघतील.

आता आमच्याकडे काय झालं ते.

आमचे रोबोट रॅक उचलणारे आहेत. जमिनीवर क्यूआर कोडचे स्टिकर चिकटवलेले असतात, ते वाचत रोबोट रॅकखाली शिरतो, रॅक उचलतो आणि स्टेशनवर उभ्या असलेल्या माणसासमोर आणून ठेवतो. रॅकच्या ज्या बिनमधून, म्हणजे कप्प्यातून, वस्तू काढायची त्यावर दिवा लागतो, माणूस वस्तू काढून स्कॅन करतो, हिरवी खूण आली की वस्तू ऑर्डरच्या कप्प्यात जाते. ही पद्धत अमेरिकेतल्या किवा सिस्टिम्सने रूढ केली. ती कंपनी २००३ साली सुरू करणारे मिक माउंट्झ त्याआधी वेबव्हॅन या ऑनलाइन किराणा कंपनीत होते. वेबव्हॅनने ऑर्डर येण्याआधीच यंत्रांनी भरलेली प्रचंड गोदामं बांधायला घेतली आणि २००१ मध्ये दिवाळं काढलं. २०१२ मध्ये ॲमेझॉनने किवा ७७.५ कोटी डॉलरला घेतली, तेव्हापासून सगळ्या जगाला हे रोबोट हवे झाले. आपल्याकडेही ग्रेऑरेंज, ॲडव्हर्ब अशा कंपन्या उभ्या राहिल्या. रोबोट चांगलेच आहेत, त्यांच्याविरुद्ध मला एक शब्द बोलायचा नाही.

पण या पद्धतीत एक गोष्ट होते आणि ती विकणारा सांगत नाही. हाताने काम चालायचं तेव्हा माल काढणाऱ्या आमच्या प्रत्येक ताईची गल्ली ठरलेली होती. तेलाच्या गल्लीतल्या ताईला माहीत असायचं की जुन्या एमआरपीच्या बाटल्या पुढे आहेत आणि नव्या मागे, मध्ये पुठ्ठा उभा केलेला आहे. तो पुठ्ठा कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये नव्हता. रोबोट आले आणि गल्ल्या संपल्या. एकच तेल सॉफ्टवेअर सहा वेगवेगळ्या रॅकमध्ये विखरून ठेवतं, कारण तसं ठेवलं की कुठला ना कुठला रॅक जवळ सापडतो. रोबोटसाठी ते बरोबरच आहे. पण त्या रॅकची आठवण ठेवणारं आता कुणीच उरत नाही. माणसाच्या डोक्यात होतं ते सगळं आधी डेटात उतरलेलं असावं लागतं.

मी हे प्रकल्पाच्या बैठकीत सांगितलं होतं. आपल्या देशात पाकिटावर एमआरपी छापावीच लागते आणि तिच्यापेक्षा जास्त दराने विकता येत नाही. किंमत बदलली तरी बारकोड बहुतेक वेळा तोच राहतो. म्हणून इनवर्डला, म्हणजे माल गोदामात आत घेताना, बारकोडसोबत एमआरपीही टिपा, प्रत्येक एमआरपीचा वेगळा लॉट, म्हणजे गट, करा आणि दोन लॉट एका बिनमध्ये जाऊ देऊ नका, एवढंच माझं म्हणणं होतं. ती सोय सॉफ्टवेअरमध्ये होतीच. मुख्य कार्यालयातून आलेले प्रकल्पाचे सर म्हणाले, "त्याने पुटअवेचा, म्हणजे माल रॅकवर लावायचा, वेळ वाढतो, आकडे बिघडतात. डेटा हा क्लार्कचा विषय आहे, तो नंतर बघू." आणि ती सोय बंद ठेवली. त्याच बैठकीत त्यांनी फळ्यावर किती पिकर कमी होणार ते लिहिलं. त्यातल्या एकाही पिकरला बैठकीला बोलावलेलं नव्हतं.

मग २०२५ चा सप्टेंबर आला. ३ तारखेला जीएसटी परिषदेने दर बदलले आणि २२ सप्टेंबरपासून केसांचं तेल, शाम्पू, टूथपेस्ट, अंगाचा साबण हे सगळं १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलं. ग्राहकासाठी चांगलंच झालं. जुन्या मालावर सुधारित किमतीचं स्टिकर लावायची मुभा कंपन्यांना मिळाली. गोदामात याचा अर्थ काय? एकाच बारकोडचा माल तीन प्रकारचा: जुनी एमआरपी छापलेला, जुन्यावर स्टिकर लावलेला आणि नवी एमआरपी छापून आलेला. तिन्ही आमच्या बिनमध्ये एकत्र, प्रत्येक रॅकमध्ये वेगळ्या प्रमाणात, आणि रॅक दिवसभर फिरतायत. वर दिवाळीच्या ऑर्डर.

रोबोटने एकदाही चुकीचा रॅक आणला नाही. दिवा बरोबर बिनवर लागायचा. ताई हात घालायची, हाताला येईल ती बाटली काढायची, स्कॅनर हिरवा व्हायचा, कारण बारकोड बरोबरच होता. बाटली मात्र भलत्याच एमआरपीची असायची. झटपट डिलिव्हरीवाल्यांच्या गोदामात आमच्या गाड्या गेटवरूनच परत यायला लागल्या, कारण बिलावरची एमआरपी आणि पाकिटावरची एमआरपी जुळत नाही म्हणून ते माल उतरवूनच घेत नाहीत. परत आलेला माल पुन्हा इनवर्ड करायचा, म्हणजे पुन्हा त्याच बिनमध्ये मिसळायचा. आदल्या वर्षीपेक्षा दुप्पट वेगाने आम्ही चुकीचा माल बाहेर काढत होतो.

आढावा बैठकीत सरांनी स्लाइड दाखवली. परतीच्या मालाचं कारण: पिकरची चूक.

त्या वाक्याचा राग माझा अजून गेलेला नाही. दिव्याने दाखवलेल्या बिनमध्ये तिने हात घातला, यंत्राने मागितलं ते स्कॅन केलं, यंत्राने हो म्हटलं. यात तिची चूक कुठे आहे? एमआरपी वाचायला तिला पडद्यावर जागा दिली होती का? उलट स्टेशनवरच्या एका ताईने पहिल्याच दिवशी सुपरवायझरला सांगितलं होतं की मॅडम, या बाटल्यांवर स्टिकर आहे आणि त्यांच्यावर नाही, दोन्ही चालतात का? तिला उत्तर मिळालं, "हिरवं आलं ना? मग टाक." मी त्या बैठकीत उभी राहून हे सगळं सांगितलं. स्लाइड बदलली नाही.

शेवटी बंद ठेवलेली सोय चालू करावीच लागली. रात्रपाळीत तेल, शाम्पू, साबणाचे सगळे रॅक स्टेशनवर बोलावले, एकेक नग पाहून तीन लॉट केले, प्रत्येक लॉटला आमचं स्वतःचं वेगळं लेबल लावलं आणि हिरवी खूण त्या लेबलावर येईल असं करून घेतलं. या कामात रोबोटचं जितकं कौतुक करावं तितकं थोडं आहे. हाताने एवढे रॅक हुडकून मोकळे करायला दिवाळी उलटून गेली असती. रोबोट रॅक आणत होते, नेत होते, आणि आमच्या ताया नुसत्या नजरेने लॉट वेगळे करत होत्या. झाकणाच्या रंगावरून आणि छपाईच्या जागेवरून त्यांना नवा माल ओळखता येत होता. त्यातल्या तिघी त्याच, ज्यांचे आकडे फळ्यावर "कमी होणार" म्हणून लिहिले होते.

त्यानंतर गाडी सुरळीत झाली आणि एका माणसामागे माल काढायचा वेग खरोखर दुपटीच्या वर गेला. चालणं संपल्यामुळे संध्याकाळी पाय सुजण्याच्या तक्रारी थांबल्या, हेही मला मोठं वाटतं. पण माणसं? स्टेशनवर कमी लागली, इनवर्डला जास्त लागली. मोजमाप घेणं, वजन करणं, एमआरपी आणि एक्स्पायरी टिपणं, परतीचा माल तपासणं, हे सगळं वाढलं. ट्रकमधून पेट्या उतरवायचं काम आजही माथाडी कामगारच करतात, त्याला रोबोटने हात लावलेला नाही. ॲमेझॉनकडे २०२५ मध्ये दहा लाख रोबोट झाले आणि तेव्हाही माणसं पंधरा लाखांहून जास्त होती. "किती माणसं कमी होतील" हा हिशेब मांडून जो रोबोट घेतो, तो नेमकी तीच माणसं आधी काढतो ज्यांच्या डोक्यातली माहिती यंत्राला हवी असते.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: ज्या बैठकीत रोबोटचं ठरतं, तिथे तुमचा सगळ्यात जुना पिकर बसलेला असू दे. त्याला विचारा, माल काढताना तू काय काय बघतोस जे स्कॅनर बघत नाही? तो सांगेल ते लिहून काढा. ते सगळं सॉफ्टवेअरमध्ये बसतंय का हे विकणाऱ्याला तुमच्याच मालावर दाखवायला लावा, त्यांच्या नमुन्याच्या खोक्यांवर नाही. "डेटा नंतर बघू" असं कुणीही म्हणालं तर त्याला तिथेच थांबवा. आणि स्टेशनवर उभ्या असणाऱ्यांना हेल्परच्या पगारात ठेवू नका. आमच्याकडे पदाचं नाव ऑपरेटर झालं, पगार बदलायला मला भांडावं लागलं आणि तो अजून सगळ्यांचा बदललेला नाही.

काही ठिकाणी माझं उत्तर लागू होणार नाही. तुमच्या ऑर्डर सणाला दहापट होत असतील, किंवा शहरात महाग भाड्याच्या जागेत उंचावर माल ठेवायचा असेल, तर हिशेब वेगळा होतो. काही कंपन्या रोबोट भाड्याने देतात, तेव्हा सुरुवातीचा खर्च कमी होतो. फरशी मात्र आधी तपासा, सांधे उखडलेले असतील आणि धूळ असेल तर क्यूआर वाचले जात नाहीत. चार्जिंगची जागा आणि आग विझवायची व्यवस्था यांत काटकसर नको. इंग्लंडमध्ये ओकाडो या ऑनलाइन किराणा कंपनीच्या स्वयंचलित गोदामांना २०१९ मध्ये अँडोव्हरला आणि २०२१ मध्ये एरिथला आग लागली; पहिल्या वेळी रोबोटच्या चार्जिंग युनिटमधल्या बिघाडामुळे, दुसऱ्या वेळी रोबोट एकमेकांवर आदळल्यामुळे.

कोणते रोबोट, हे मी मुद्दाम सांगत नाही. तुमच्या मालावर एमआरपी किंवा एक्स्पायरी असते का, आणि एकाच बारकोडचे दोन लॉट एका वेळी गोदामात असतात का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते कळवलंत तर इनवर्डला काय काय टिपायचं त्याचा आमचा तक्ता खाली टाकते.