स्टार्टअपमध्ये सेल्सची नोकरी करावी का? फायदे-तोटे काय आहेत?

तुम्ही लिहिलंय की बीएस्सी ॲग्री झालंय, तासगावात घरी आहात, शेतीतंत्रज्ञानाच्या एका स्टार्टअपकडून सेल्सची ऑफर आलीय आणि घरचे म्हणतायत, 'त्यापेक्षा मोठ्या खत कंपनीत लाग.' मी याच कामात आहे. मणेराजुरी-सावळजपासून आरग-बेडगपर्यंत द्राक्षबागेत लावायची हवामान यंत्रं आणि सेन्सर विकतो.

मोठ्या कंपनीचा माणूस कृषी सेवा केंद्रात गेला की दुकानदार खुर्ची पुढे करतो. माल आधीच खपत असतो. स्टार्टअपचं नाव मात्र कुणी ऐकलेलं नसतं. बागायतदार पहिल्यांदा विचारतो, "तुम्ही कुठले, कुणाचे?" मग गाव निघतं, पाहुणे निघतात, तेव्हा कुठे बोलणं सुरू होतं. यंत्र घेतलं जातं ते तुमच्या शब्दावर.

त्यामुळे शिकायला भरपूर मिळतं. पानं किती वेळ ओली राहिली यावरून डावणीचा, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीजन्य रोगाचा, धोका कसा ओळखायचा, हे मला बागेत उभं राहूनच कळलं. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की रात्री फोन येतो, "उद्या फवारणी घेऊ का?" अशा वेळी नुसता विक्रेता राहून चालत नाही. शिवाय तुमचं म्हणणं थेट मालकापर्यंत पोहोचतं. मोबाईलवरचे इशारे मराठीत हवेत, असं इथल्या शेतकऱ्यांनी मला सांगितलं, मी वर कळवलं आणि पुढच्या हंगामाआधी ते झालं. या एका गोष्टीसाठी मला हे काम मनापासून आवडतं.

पण तोटाही त्याच शब्दातून येतो. माझी आधीची कंपनी पैसे संपल्यावर बंद पडली. तिचं ऑफिस बाहेरगावी होतं, मी इथंच. लग्नात, मार्केट यार्डात लोक मला थांबवून विचारायचे, "ते यंत्र बंद आहे, कधी येताय?" त्यांचं काही चुकत नव्हतं.

टार्गेटचंही नीट समजून घ्या. कंपनीला मार्चअखेर आकडे हवे असतात आणि इथं तेव्हा द्राक्षाची काढणी, बेदाण्याची धावपळ चालू असते. माल विकून पैसे हातात आल्याशिवाय शेतकरी नवीन खर्चाचं बोलत नाही. म्हणून इन्सेंटिव्ह महिन्यावर आहे की हंगामावर, आणि तो विक्रीवर मिळतो की वसुलीवर, हे ऑफर लेटरमध्येच लिहून घ्या. पेट्रोल भत्ताही त्यातच. फिक्स पगारात घर चालत असेल तरच जा.

शेअर्स देतो म्हणाले तर हुरळू नका. ईसॉप, म्हणजे कर्मचाऱ्यांना ठरलेल्या भावानं शेअर्स घेऊ देण्याची योजना. ते मंजूर झाल्यापासून हक्क मिळायला कायद्यानं किमान 1 वर्ष लागतं, बऱ्याच ठिकाणी पूर्ण वाटा मिळायला 4 वर्षं. आणि कंपनीच टिकली नाही तर तो कागदच.

माझ्या मते, वय कमी आहे, डोक्यावर कर्ज नाही, तर जरूर जा. फक्त होकार देण्याआधी त्यांच्या जुन्या ग्राहकांपैकी दोघा-तिघांचे नंबर मागा, त्यांच्या बागेत जा आणि यंत्र बिघडल्यावर दुरुस्तीला कोण आलं ते विचारा. नंबर द्यायला टाळाटाळ झाली, तर तिथं जाऊ नका.