प्लॅनेरिया पाळण्याची सुरुवात करताना

प्लॅनेरिया, म्हणजे गोड्या पाण्यात दगडांखाली राहणारा छोटा चपटा कृमी, शोधण्यासाठी आपण सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावातील दगड उलटून पाहणार आहात, हे आपल्या पत्रात वाचून फार आनंद झाला. प्रथम ओळख पक्की करावी: अंगावर वळ्या आणि टोकाला चूषक असेल तर ती जळू होय, प्लॅनेरिया चपटा, वळ्या नसलेला असतो आणि सूक्ष्म केसांच्या साहाय्याने चिकट स्रावावरून अलगद सरकतो.

नवख्यांच्या हातून मुख्यतः तीन चुका होतात.

१. नळाचे पाणी थेट वापरणे. ते उघड्या भांड्यात एक दिवस ठेवून क्लोरीन उडू द्यावे.

२. अन्न तसेच राहू देणे. आठवड्यातून एकदा उकडलेल्या अंड्याच्या बलकाचा मोहरीएवढा कण पुरतो. तो देऊन भिंग घेऊन बसावे, कारण तोंड डोक्याकडे नसून पोटाच्या मध्याजवळ असते, तेथून नळीसारखा घसा बाहेर येऊन अन्न शोषतो, आणि उरलेला मळही त्याच वाटेने बाहेर पडतो. दोन तासांनी उरलेला कण काढून पाणी बदलावे.

३. ऊन. या जिवाला फुप्फुसे नाहीत, कल्लेही नाहीत. तो त्वचेतूनच प्राणवायू घेतो, आणि पाणी तापले की त्यातील प्राणवायू घटतो. सोलापूरच्या चाळीस अंशांच्या एप्रिलमध्ये भांडे माठाशेजारी, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावे. डोक्यावरील डोळ्यांचे दोन ठिपके प्रकाश ओळखतात आणि प्राणी त्यापासून दूर पळतो.

प्लॅनेरिया कापून त्याच्या तुकड्यांतून नवे डोके उगवताना पाहण्याचा प्रयोग पहिला महिनाभर करू नये.