गुडघ्यात कोणते इंजेक्शन घ्यावे: स्टिरॉइड, जेल की पीआरपी?

तुमच्या आईंचे वय ६८, दोन्ही गुडघे झिजलेले, आणि डॉक्टरांनी स्टिरॉइड (सूज उतरवणारे औषध), जेल (सांध्याला वंगण म्हणून सोडतात ते) व पीआरपी (स्वतःच्याच रक्तातून काढलेला प्लेटलेटयुक्त द्रव) असे तीन पर्याय पुढे ठेवून ‘काय ते तुम्ही ठरवा’ असे सांगितले, हा तुमचा प्रश्न वाचला. नेमके हेच वाक्य सहा वर्षांपूर्वी आम्हालाही ऐकवण्यात आले होते आणि त्यावरून सुरू झालेला वाद आमच्या घरात अजून मिटलेला नाही, म्हणून लिहायला बसले.

आमचे घर गोव्यात, फोंडा तालुक्यात, चिऱ्याचे, जुने. अंगणातून वर यायला पाच उंच पायऱ्या आहेत. सासूबाई तेव्हा ७१ वर्षांच्या होत्या. आदोळीवर बसून नारळ खवायला घेतला की त्यांना उठवायला दोघीजणी लागत, आणि तरीही चतुर्थीच्या नेवऱ्यांचे (करंज्यांचे) चून, म्हणजे सारण, दुसऱ्या कोणी केलेले त्यांना चालत नसे. म्हणून चतुर्थीच्या पंधरा दिवस आधी एका खासगी इस्पितळात त्यांच्या उजव्या गुडघ्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन देण्याचे ठरले. डॉक्टरांनी प्रथम गुडघ्यातले पाणी काढले. फिकट पिवळे, किंचित चिकट असे ते पाणी सिरिंजमध्ये चढत असताना सासूबाई पदराचे टोक मुठीत धरून छताकडे पाहत होत्या. मग सुई तशीच ठेवून नुसती सिरिंज बदलली आणि औषध आत सोडले. पाच मिनिटांचे काम! तिसऱ्या दिवशी त्या कोणाचा हात न धरता पायऱ्या चढल्या.

चौथ्या दिवशी मात्र त्यांना सारखी तहान लागू लागली. एरवी सकाळी १४०च्या आसपास असणारी साखर मोजली तर ३१८. स्टिरॉइडने मधुमेही माणसाची साखर काही दिवस चढते, ही अगदी साधी गोष्ट आम्हाला कोणीही सांगितली नव्हती. गोळ्यांची मात्रा विचारून वाढवली आणि आठवडाभरात साखर उतरली. पण तोवर मुंबईहून चतुर्थीसाठी आलेल्या माझ्या धाकट्या दिरांना निमित्त मिळाले होते. ‘वहिनी, स्वस्तातले औषध घातलेत म्हणून हे झाले. पैसे मी देतो, आईला जेलच द्या,’ हे त्यांचे वाक्य मी विसरलेले नाही. प्रश्न पैशांचा कधीच नव्हता.

स्टिरॉइडचा गुण अडीच महिने टिकला. दुखणे परतल्यावर डिसेंबरात आठवड्याच्या अंतराने जेलची तीन इंजेक्शने झाली, १८,००० रुपये गेले. त्याच सुमारास बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, दाखवले असता तिथल्या फिजिओथेरपिस्टबाईंनी मांडीच्या स्नायूंचा व्यायाम शिकवला: गुडघ्याखाली गुंडाळी ठेवायची, ती गुडघ्याने खाली दाबायची आणि दहा मोजून सोडायचे. सासूबाईंनी सासऱ्यांच्या जुन्या पंच्याची गुंडाळी केली आणि आकडे मोजण्याऐवजी रामरक्षेचा एकेक श्लोक म्हणत दिवसातून तीन वेळा हे चालवले. मार्चपर्यंत त्या पुन्हा पायऱ्या चढू लागल्या, तेव्हा दीर म्हणाले, जेल लागू पडले. मेमध्ये पाहुण्यांच्या गर्दीत व्यायाम सुटला आणि गुडघा पुन्हा धरला. व्यायाम परत सुरू केल्यावर दीड महिन्यात गुडघा मोकळा झाला, तेही जेलचा एक थेंब न देता. यावर दिरांचे उत्तर असे, की आधीच्या जेलचा असर आत शिल्लक असणार. एका गुडघ्यावरून काही सिद्ध होत नाही हे मलाही कळते, पण मग ते त्यांच्या बाजूनेही होत नाही.

म्हणून मी मोठ्या अभ्यासांकडे वळले. जेल, म्हणजे हायलुरॉनिक आम्ल, याच्या १६९ चाचण्यांचा आणि २१,००० हून अधिक रुग्णांचा एकत्रित आढावा २०२२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. खोट्या इंजेक्शनच्या तुलनेत वेदनेतला फरक रुग्णाला जाणवण्याइतकाही नव्हता. गुडघ्यात नुसते मिठाचे पाणी सोडले तरी अनेकांना बरे वाटते, हे दिरांना आजतागायत पटलेले नाही. स्वतःच्या रक्तातून काढलेल्या पीआरपीचीही २०२१ साली ऑस्ट्रेलियात २८८ रुग्णांवर अशाच पाण्याशी तुलना झाली आणि वर्षभरानंतर वेदनेत किंवा कूर्चेत (सांध्यातल्या हाडांवरच्या गुळगुळीत आवरणात) सांगण्यासारखा फरक आढळला नाही. स्टिरॉइडही निर्दोष नाही: दर तीन महिन्यांनी दोन वर्षे ते दिलेल्या रुग्णांची कूर्चा अधिक झिजली आणि वेदना मात्र पाणी दिलेल्यांपेक्षा कमी झाल्या नाहीत, असे २०१७ साली दिसले. अमेरिकी सैन्याच्या रुग्णालयांतील १५६ रुग्णांच्या चाचणीत वर्षाअखेर फिजिओथेरपी घेणारे स्टिरॉइड घेणाऱ्यांपेक्षा बरे होते. ते २०२० साली छापून आले, तेव्हा त्याची प्रत मी मुंबईला पाठवली होती. उत्तर आले नाही.

तेव्हा माझे मत स्पष्ट आहे. घरात लग्न आहे, यात्रेला जायचे आहे किंवा गुडघा इतका सुजला आहे की व्यायामच करता येत नाही, अशा वेळी स्टिरॉइड एकदा घ्यावे आणि त्या दोन महिन्यांत व्यायाम अंगवळणी पाडावा. जेलवर मी पुन्हा एक रुपयाही खर्च करणार नाही.

मी डॉक्टर नाही, निवृत्त शिक्षिका आहे, हे खरे तर आधी लिहायला हवे होते. पीआरपी करण्याच्या पद्धती निरनिराळ्या आहेत आणि झीज कमी असलेल्यांना तिचा फायदा दाखवणारे अभ्यासही आहेत. गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया जवळ आली असेल तर आधीचे तीन महिने कोणतेही इंजेक्शन घेऊ नये, कारण त्याने जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. इंजेक्शननंतर ताप आला आणि गुडघा लाल, गरम झाला तर वाट न पाहता त्याच दिवशी इस्पितळ गाठावे.

तुमच्या आईंना मधुमेह आहे की नाही, हे तुम्ही लिहिलेले नाही. असेल तर स्टिरॉइडच्या आधी डॉक्टरांना आठवण करून द्या आणि त्यानंतर निदान आठवडाभर घरी रोज साखर मोजा.